नोकरीआधी पैसे मागणारे ऑफर लेटर: या चुका टाळा

कागद पाहून खात्री करून घेणे

ऑफर लेटर ईमेलवर आले की उमेदवार आधी त्यावरचा लोगो, शिक्का, सही आणि पगाराचा तक्ता पाहतो, आणि हे सगळे जागच्या जागी दिसले की निश्चिंत होतो. या चारही गोष्टी कंपनीच्या संकेतस्थळावरून आणि एखाद्या जुन्या खऱ्या पत्रावरून सहज उचलता येतात, म्हणून त्यांवरून काहीच सिद्ध होत नाही. तपासायचे असते ते हे, की पत्र कोणत्या पत्त्यावरून आले आणि पैसे कोणाच्या खात्यात मागितले. मोठ्या कंपनीचा मनुष्यबळ विभाग जीमेलच्या पत्त्यावरून नेमणूक करत नाही. मात्र हल्ली कंपनीच्या नावापुढे ‘करिअर्स’ किंवा ‘जॉब्स’ असा शब्द जोडून खरे वाटणारे डोमेनही (ईमेल पत्त्यातला @ नंतरचा भाग) घेतले जाते, त्यामुळे पत्ता अक्षर न् अक्षर वाचावा. पत्रात दिलेल्या क्रमांकावर फोन करून खातरजमा करणे व्यर्थ आहे, कारण तो क्रमांक पत्र पाठवणाऱ्यानेच दिलेला असतो. कंपनीचा क्रमांक तिच्या मूळ संकेतस्थळावरून शोधावा आणि ही जागा खरोखर भरायची आहे का, या नावाची व्यक्ती तिथे काम करते का, एवढे दोनच प्रश्न विचारावेत.

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची नोंदणी सापडली म्हणजे प्रश्न सुटला, असेही मानू नये. कंपनी खरी असते. तिच्या नावाने बोलणारा माणूस खोटा असतो.

‘रक्कम लहान आहे आणि परत मिळणार आहे’ हा हिशेब

पहिली मागणी मुद्दामच लहान ठेवलेली असते. रजिस्ट्रेशन, कागदपत्रांची पडताळणी, गेट पास किंवा युनिफॉर्म अशा नावाखाली काहीशे किंवा एक-दोन हजार रुपये मागितले जातात आणि ‘ही रक्कम रिफंडेबल असून पहिल्या पगारात जमा होईल’ असे लेखी दिले जाते. ज्या घरात बऱ्याच महिन्यांनी नोकरीची बातमी आली आहे, तिथे एवढ्या रकमेसाठी संधी घालवणे कोणालाही पटत नाही, आणि फसवणाऱ्याला हे पक्के ठाऊक असते. ज्या मालकाला तुमच्या कामाची गरज आहे, तो युनिफॉर्मचा किंवा लॅपटॉपचा खर्च स्वतः करतो किंवा फार तर नंतर पगारातून हिशेब करतो. रुजू होण्याआधी कोणा व्यक्तीच्या यूपीआयवर पैसे मागण्याचे त्याला काही कारण नसते.

सरकारी भरतीत परीक्षा शुल्क असते, आणि याच गोष्टीचा आधार घेऊन अनेकांना गोंधळात टाकले जाते. हे शुल्क जाहिरातीत छापलेले असते आणि अर्ज भरतानाच अधिकृत संकेतस्थळावर भरायचे असते. रेल्वे भरती मंडळाच्या अलीकडच्या भरतींमध्ये तर संगणकावरील पहिल्या परीक्षेला बसलेल्या उमेदवाराला ५०० रुपयांच्या शुल्कापैकी ४०० रुपये, आणि सवलतीच्या गटातील उमेदवाराला पूर्ण २५० रुपये, बँकेचे शुल्क वजा करून परत करण्याची तरतूद आहे. निवड झाल्यानंतर नेमणूकपत्रासाठी, वैद्यकीय तपासणीच्या ‘सेटिंग’साठी किंवा साहेबांच्या ओळखीसाठी मागितलेला रुपयाही यात बसत नाही. अशा वेळी मध्यस्थ गावातला किंवा नात्यातला असला तरी उत्तर बदलू नये. अनेकदा त्यालाही वरच्या कोणीतरी फसवलेले असते.

पहिले पैसे वाचवण्यासाठी दुसरे भरणे

सर्वांत मोठे नुकसान इथे होते. पहिली रक्कम गेल्यावर दोन दिवसांत दुसरा फोन येतो: प्रशिक्षणाचे पैसे बाकी आहेत, बाँडची रक्कम भरायची आहे, नाव चुकल्यामुळे फाइल अडकली आहे. प्रत्येक वेळी ‘हा शेवटचा हप्ता’ असतो, आणि नकार दिल्यास आधीची रक्कम बुडेल, शिवाय ऑफर नाकारल्याबद्दल कायदेशीर कारवाई होईल, असा दम दिला जातो. उमेदवार आता नोकरीसाठी पैसे भरत नसतो, तो आधी भरलेले पैसे सोडवण्यासाठी भरत असतो, आणि त्यासाठी उसनवार करतो, दागिने गहाण टाकतो. पहिली रक्कम गेली असे त्याच दिवशी मनाशी मान्य करणे कठीण आहे, परंतु तिथे थांबणारा माणूस दोन हजारांत सुटतो. रुजू न झाल्याबद्दल अटक होईल ही धमकी पूर्णपणे निराधार आहे. तिचा संदेश मात्र पुरावा म्हणून जपून ठेवावा.

टेलिग्रामवरील ‘घरबसल्या हॉटेलांना रेटिंग द्या’ या कामातही हीच युक्ती वापरतात. फरक इतकाच, की तिथे सुरुवातीला शे-दोनशे रुपये खरोखर खात्यात येतात आणि मग ‘प्रीपेड टास्क’च्या नावाने मोठी रक्कम भरायला लावतात. पडद्यावर वाढत जाणारी शिल्लक हा केवळ आकडा असतो.

परदेशातल्या आणि जहाजावरच्या नोकरीत परवाना न पाहणे

आखातात जाणाऱ्या कामगारांची भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी करावी लागते, आणि तो क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर पडताळता येतो. अशा एजंटला सेवाशुल्क घेण्याची मुभा आहे, परंतु त्याची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढी असून पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. पर्यटक व्हिसावर पाठवून ‘तिथे गेल्यावर बदलून देऊ’ म्हणणाऱ्याकडे पासपोर्ट देऊ नये. थायलंडमार्गे म्यानमार, लाओस आणि कंबोडियात नेलेल्या भारतीय तरुणांना डांबून ठेवून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीचीच कामे करवून घेतली गेली, आणि परराष्ट्र मंत्रालय २०२२ पासून याबाबत वारंवार सावध करत आले आहे.

कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांसाठी जहाजाची नोकरी जवळची, म्हणून तिथला नियम ठळकपणे सांगायला हवा. खलाशांची भरती करणाऱ्या कंपनीकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना लागतो, आणि आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करारानुसार नोकरी लावून देण्याचे शुल्क खलाशाकडून घेता येत नाही. वैधानिक वैद्यकीय प्रमाणपत्र, सीडीसी (खलाशाची नोंदपुस्तिका) आणि पासपोर्ट यांचा खर्च तेवढा त्याच्याकडे येऊ शकतो. ‘जहाजावर चढवून देतो’ म्हणून लाखांत बोलणाऱ्याचा परवाना क्रमांक विचारावा आणि तो महासंचालनालयाच्या यादीत शोधावा.

पैसे गेल्यानंतर गप्प राहणे

घरच्यांना काय सांगायचे या संकोचात दोन-तीन दिवस जातात, आणि तेवढ्यात रक्कम अनेक खात्यांतून फिरून निघून जाते. सायबर फसवणुकीच्या १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर रक्कम कोणत्या बँकेत पोहोचली हे शोधून, शिल्लक असेल तेवढी गोठवता येते, म्हणून इथे तासांनाही किंमत आहे. फोन करताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँकेच्या नोंदीतला व्यवहाराचा ओळखक्रमांक), रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवावा. त्यानंतर सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या पोर्टलवर तक्रार नोंदवून पोचक्रमांक घ्यावा आणि स्वतःच्या बँकेलाही लेखी कळवावे. संतापाच्या भरात चॅट पुसणे, क्रमांक ब्लॉक करून सगळे विसरायचे ठरवणे, किंवा ‘तुमचे पैसे काढून देतो’ म्हणणाऱ्या दुसऱ्याच अनोळखी माणसाला फी देणे, या तीन चुका फार महागात पडतात. आधी स्क्रीनशॉट घ्यावेत, चॅट एक्स्पोर्ट करावी, मग ब्लॉक करावे.

पोलीस ठाण्यात ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असे उत्तर मिळाले तर झिरो एफआयआरचा, म्हणजे हद्द न पाहता गुन्हा नोंदवून घेण्याचा, आग्रह धरावा; भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता देता येते. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आणि ऑनलाइन तोतयेगिरीसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ डी लागू होते.

पैसे भरले नाहीत, फक्त कागद पाठवले, म्हणून निर्धास्त राहू नये. आधार, पॅन आणि छायाचित्र दिले असेल तर आधारचे बायोमेट्रिक लॉक करावे, आपल्या नावावर किती सिम आहेत हे संचार साथी पोर्टलवर पाहावे आणि क्रेडिट अहवालात न घेतलेले कर्ज दिसते का हे पुढचे काही महिने तपासत राहावे. ‘पगार जमा करण्यासाठी’ म्हणून एटीएम कार्ड, नेट बँकिंगचा पासवर्ड किंवा खात्याला जोडलेले सिम दिले असेल तर विषय अधिक गंभीर आहे, कारण इतरांकडून लुबाडलेले पैसे त्या खात्यातून फिरवले जातात आणि चौकशी खातेदाराच्या दारात येते. अशा वेळी शाखेत स्वतः जाऊन खाते त्याच दिवशी थांबवावे, अर्जाची शिक्क्यासह प्रत घ्यावी, आणि बँकेकडून किंवा पोलिसांकडून विचारणा होण्याची वाट न पाहता तीच प्रत घेऊन सायबर पोलीस ठाणे गाठावे.