सर्व्हरवर की ब्राउझरमध्ये? वेब फ्रेमवर्क निवडताना या चुका टाळा

नवा प्रोजेक्ट आला की टीममध्ये वाद ठरलेला: रिअ‍ॅक्ट घ्यायचं की लाइव्हव्ह्यू, लाइव्हवायर की एचटीएमएक्स? (पहिलं ब्राउझरमध्ये चालतं, बाकीची तीन सर्व्हरकडून आलेल्या एचटीएमएलने पेज बदलतात.) नावांवरून भांडणं हीच पहिली चूक. आधी विचारा, स्क्रीनवरचं स्टेट (म्हणजे त्या क्षणीचा डेटा आणि निवडी) राहणार कुठे? जवळपास प्रत्येक क्लिकला डेटाबेसकडे जावंच लागत असेल (प्रवेशअर्ज, रिपोर्ट, स्टॉकचे तक्ते), तर ते सर्व्हरवरच राहू द्या. नेट नसतानाही चालायला हवं, किंवा चित्र काढणं, ओढून सरकवणं असलं काही असेल, तर ब्राउझरकडे. साध्या अ‍ॅडमिन पॅनेलसाठी वेगळं एपीआय (डेटा देणारा सर्व्हरचा भाग) आणि वेगळं फ्रंटएंड (ब्राउझरचा भाग) उभारणं म्हणजे एकच व्हॅलिडेशन, म्हणजे भरलेली माहिती बरोबर आहे का याची तपासणी, दोनदा लिहिणं. हौस असेल तर करा.

फक्त लॅपटॉपवर टेस्ट करणं

लोकलहोस्टवर, म्हणजे सर्व्हर आपल्याच मशीनवर असताना, सगळंच पळतं. सर्व्हर व्हर्जिनियात आणि वापरणारा मुंबईत असला की एका फेरीलाच २०० मिलिसेकंदांच्या आसपास जातात. लाइव्हवायरच्या दुसऱ्या आवृत्तीत इनपुटला बांधलेलं मॉडेल (त्या रकान्यातली किंमत धरणारं व्हेरिएबल) टायपिंग सुरू असतानाच सर्व्हरकडे रिक्वेस्ट पाठवायचं. २०२३ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून ‘लाइव्ह’ असं स्पष्ट लिहिलं तरच जाते. लाइव्हव्ह्यूत ब्राउझरच्या कन्सोलमधून कृत्रिम उशीर लावून बघता येतं. ते पहिल्या आठवड्यातच करा. आणि मेन्यू उघडणं-मिटणं यासाठी सर्व्हरला त्रास देऊ नका, त्याला अल्पाइन ही ब्राउझरमधली छोटी लायब्ररी पुरते.

पेज दिसतं, पण बटणं मेलेली

लाइव्हव्ह्यूतली ही नेहमीची तक्रार. पहिलं एचटीएमएल साध्या एचटीटीपीवरून येतं, म्हणून पेज छान दिसतं. वेबसॉकेट (ब्राउझर आणि सर्व्हरमधलं सतत उघडं कनेक्शन) त्यानंतर जोडला जातो आणि तोच अडकलेला असतो. दोन जागा तपासा. पुढे बसवलेल्या एनजिनएक्स या प्रॉक्सी सर्व्हरला ‘अपग्रेड’ आणि ‘कनेक्शन’ हे हेडर पुढे पाठवायला सांगितलंय का? आणि फिनिक्सच्या (लाइव्हव्ह्यू ज्यावर चालतं ते फ्रेमवर्क) लॉगमध्ये ओरिजिन तपासणीची, म्हणजे रिक्वेस्ट कोणत्या डोमेनवरून आली याची, तक्रार आहे का? डोमेन बदललं पण कॉन्फिगमधला होस्ट जुनाच राहिला, की सॉकेट नाकारला जातो.

ब्लेझर सर्व्हर या मायक्रोसॉफ्टच्या फ्रेमवर्कचं दुखणं वेगळं. तिथे प्रत्येक वापरणाऱ्याचं सर्किट (त्याच्या स्क्रीनचं स्टेट) सर्व्हरच्या मेमरीत असतं आणि कनेक्शन तुटल्यावर डीफॉल्टने ३ मिनिटंच राखलं जातं. फोन खिशात टाकून चहा पिऊन आलेल्या माणसाचा अर्धा भरलेला फॉर्म गेला म्हणून समजा. मोठे फॉर्म टप्प्याटप्प्याने सेव्ह करा. एकापेक्षा जास्त सर्व्हर असतील तर स्टिकी सेशन, म्हणजे एका माणसाच्या सगळ्या रिक्वेस्ट एकाच सर्व्हरकडे जाणं, हवंच.

एचटीएमएक्स: एरर दिसत नाही, बॅक दाबलं की पेज नागडं

व्हॅलिडेशन फसल्यावर सर्व्हर इमानदारीत ४२२ (पाठवलेली माहिती चुकीची, असा एररचा कोड) पाठवतो आणि स्क्रीनवर काहीच होत नाही. कारण ४०० आणि ५०० च्या घरातली उत्तरं एचटीएमएक्स मुळात पेजवर टाकतच नाही. ४२२ साठी तशी परवानगी द्यावी लागते. रेल्स या फ्रेमवर्कमधल्या टर्बो लायब्ररीचं उलट आहे: तिथे चुकलेला फॉर्म २०० (सगळं ठीक) या कोडने परत पाठवला तर कन्सोलमध्ये तक्रार येते, ४२२ सारखा एररचाच कोड लागतो.

बॅक बटणाचं कोडं जास्त छळतं. एकाच यूआरएलवरून कधी पूर्ण पेज, कधी नुसता तुकडा पाठवत असाल, तर ब्राउझर तुकडाच कॅश करून ठेवतो. मग मागे आलं की ना हेडर, ना सीएसएस. उत्तरासोबत ‘व्हेरी’ हेडरमध्ये ‘एचएक्स-रिक्वेस्ट’ द्या, म्हणजे ब्राउझर पूर्ण पेज आणि तुकडा वेगळे ओळखेल, किंवा तुकड्यांचे यूआरएलच वेगळे ठेवा.

रिअ‍ॅक्टवाल्यांसाठी

सर्चमध्ये ‘पुणे’ टाइप केलं आणि यादी ‘पु’ची आली, तर जुन्या रिक्वेस्टचं उत्तर नंतर पोचलंय. अ‍ॅबॉर्ट कंट्रोलर या ब्राउझरमधल्या सोयीने जुनी रिक्वेस्ट रद्द करा. बटण लपवलं म्हणजे परवानगी तपासली असं होत नाही. ती तपासणी सर्व्हरवरच.

आणि सर्व्हर व ब्राउझर या दोन्ही पद्धतींची सरमिसळ चालते, बिनधास्त करा. फक्त लाइव्हव्ह्यूच्या पेजवर रिअ‍ॅक्टचा ग्राफ बसवलात, तर त्या डिव्हला आयडी देऊन ‘पीएचएक्स-अपडेट’ (phx-update) या अ‍ॅट्रिब्यूटची किंमत ‘इग्नोर’ ठेवा. नाहीतर सर्व्हरकडून पुढचा बदल आला की ग्राफ पुसला जातो.