लाकूड पक्कं, कागद कच्चे: हार्डवुडच्या व्यापारातल्या या चुका टाळा

हार्डवुडचा, म्हणजे साग-ओकसारख्या रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाचा, माल अडकतो तेव्हा दोष लाकडात क्वचितच असतो. ओलावा बरोबर असतो, रंधा सफाईनं मारलेला असतो, बांधणीही घट्ट असते. माल अडकतो तो कागदावरच्या एखाद्या शब्दापायी. मी या धंद्यात कागद बघतो, आणि तेच तेच फोन घेऊन आता कंटाळलोय. फोन येतो तोही कंटेनर बंदरात उभा राहिल्यावर. ओंडका विकत घेताना विचारलं असतं तर दहा मिनिटांत काम झालं असतं.

‘टीक’ लिहिलं की झालं?

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात हट्टी चूक म्हणजे बाजारातलं नाव तसंच कागदावर चढवणं. साग म्हणजे टेक्टोना ग्रँडिस. पण वखारीत ‘आफ्रिकन टीक’ म्हणून जे मिळतं ते बहुतेकदा इरोको, म्हणजे मिलिसिया एक्सेल्सा असतं. नाहीतर अफ्रोर्मोसिया, म्हणजे पेरिकोप्सिस इलाटा. ‘ब्राझिलियन टीक’ हे क्युमारू, डिप्टेरिक्स. यातलं एकही झाड सागाच्या कुळातलं नाही. आणि फरक नुसता नावाचा नाही: पेरिकोप्सिस इलाटा सायटिसच्या (धोक्यातल्या झाडा-प्राण्यांच्या व्यापारावर बंधनं घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे, क्युमारू नोव्हेंबर २०२४ पासून तिथे आलं, इरोको त्या यादीत नाही. मेहॉगनीची तीच गत. अमेरिका खंडातली स्विएटेनिया, आफ्रिकेतली खाया आणि ‘फिलिपीन मेहॉगनी’ म्हणून विकली जाणारी शोरिया ही तीन वेगळी झाडं आहेत. आपल्याकडचे शिसव आणि शिसमसुद्धा एक नव्हेत. दोन्ही डाल्बर्जिया खरे, पण एक लॅटिफोलिया, दुसरं सिसू.

एकदा चिरलेल्या फळ्यांचा एक कंटेनर अमेरिकेला निघाला. इनव्हॉइसवर ‘आफ्रिकन टीक’. फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रावर, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याच्या दाखल्यावर, मिलिसिया एक्सेल्सा, कारण तो कागद करणाऱ्यानं नीट चौकशी केली होती. तिकडे खरेदीदाराच्या कस्टम्स ब्रोकरनं इनव्हॉइसवर ‘टीक’ वाचलं, शास्त्रीय नाव शोधलं आणि लेसी घोषणापत्रात (बेकायदा लाकूड रोखणाऱ्या अमेरिकेच्या लेसी कायद्याखाली झाडाची जात आणि देश सांगणारा कागद) टेक्टोना ग्रँडिस ठोकून दिलं. तीन कागद आणि दोन झाडं. माल थांबला.

मला फोन आला तोवर बंदराचं भाडं चढायला लागलं होतं. माल पाठवणारा सारखं एकच म्हणत होता, “अहो, लाकूड तर एकच आहे, नावात काय एवढं?” त्या लॉटमधला उरलेला तुकडा मागवून घेतला. त्याचं टोक धारदार पात्यानं साफ तासलं, पाण्याचं बोट फिरवलं आणि दहापट भिंग लावलं. सागात वाढीच्या प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची ओळ दिसते, नुसत्या डोळ्यांनीही. इथे छिद्रं सगळीकडे विखुरलेली होती आणि त्यांच्याभोवती फिकट पंखांसारखे पट्टे. मग करवतीवरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, “या लाकडानं दोन पाती खाल्ली, आत खडे लागतात.” इरोकोत कॅल्शियम कार्बोनेटचे खडे सापडतात. माझ्यापुरतं उत्तर मिळालं होतं.

पण माझं भिंग म्हणजे काही पुरावा नव्हे. नमुना प्रयोगशाळेत गेला, सूक्ष्मदर्शकाखालचा अहवाल आला, घोषणापत्र दुरुस्त झालं. तोवर त्या मालातला नफा भाड्यात वाहून गेला होता. आणि गंमत बघा: लाकूड कायदेशीर होतं, जात बंधनातली नव्हती, एक पैसा कर चुकवलेला नव्हता.

खोटं बोलून नाव बदलणारेही असतात. लंबर लिक्विडेटर्स या अमेरिकी कंपनीनं २०१५ मध्ये गुन्हा कबूल केला. रशियाच्या अतिपूर्वेकडचा मंगोलियन ओक त्यांनी ‘वेल्श ओक’ म्हणून आणला होता, आणि एकूण भुर्दंड १ कोटी ३० लाख डॉलरच्या वर गेला. ती लबाडी होती, आमच्याकडे झाला तो आळस. पण कस्टम्सच्या टेबलावर पहिल्या दिवशी दोन्हींचा कागद एकसारखाच दिसतो.

माझी सवय सांगतो. ओंडका किंवा फळी विकत घेतानाच खरेदीच्या बिलावर शास्त्रीय नाव आणि झाड जिथे तोडलं तो देश लिहून घ्यायचा. तोडलं तो देश, रंधलं तो नव्हे. निम्मे लोक इथेच घसरतात. पुढच्या प्रत्येक कागदावर तीच ओळ तशीच्या तशी जाते, कुणीही ती ‘सोपी’ करायची नाही. प्लायवुडचा दर्शनी थर एका जातीचा आणि आतला दुसऱ्या जातीचा असेल तर दोन्ही लिहायचे. जात नक्की नसेल तर प्रजातीपुढे ‘एसपीपी’ (त्या प्रजातीतल्या कुठल्याही जाती) टाकून मोकळं व्हायचं नाही. जी जी जात असू शकते ती प्रत्येक लिहा, असं लेसी कायदाच सांगतो. खरेदीदाराच्या ब्रोकरला माल निघायच्या आधी ही ओळ पाठवा. त्याला शोधाशोध करायला लावलीत तर तो त्याला सापडेल तेच लिहिणार.

‘मुदत पुढे गेली, आता निवांत’

युरोपीय संघाचा जंगलतोडविरोधी कायदा २०२३ मध्ये आला. तो २०२४ च्या अखेरीस लागू व्हायचा होता, तो वर्षभर पुढे गेला. मग पुन्हा एक वर्ष: मोठ्या कंपन्यांना २०२६ ची अखेर, लहानांना २०२७ चा मध्य. प्रत्येक वेळी ‘सुटलो!’ असे मेसेज मला आले. यातले किती जण कायदा वाचून सुटले होते, देव जाणे.

पुढे गेली ती अंमलबजावणीची तारीख. ३१ डिसेंबर २०२० ही तारीख जागची हललेली नाही. त्यानंतर जंगल साफ करून निघालेलं लाकूड चालणार नाही, मग अंमलबजावणी कधीही होवो. शिवाय आपला माल कसा आहे ते बघा. दोन इंची हार्डवुडची फळी हवेवर वाळायला वर्ष-दोन वर्षं सहज घेते. म्हणजे आज थप्पीला लावलेलं लाकूड विकलं जाईल ते कायदा लागू झाल्यावरच. तेव्हा झाड तोडलं त्या जागेचे, या कायद्याला लागणारे अक्षांश-रेखांश मागायला गेलात तर तोडीचा ठेकेदार बदललेला असतो आणि माहिती असलेला मुकादम फोन उचलत नाही.

अक्षांश-रेखांश दशांशाच्या सहा स्थळांपर्यंत लागतात. जागा चार हेक्टरपेक्षा मोठी असेल तर एक बिंदू पुरत नाही, हद्दीची पूर्ण आकृती द्यावी लागते. हे आकडे आले की ते फाइलला लावण्याआधी मी नकाशावर टाकून बघतो. एकदा पुरवठादारानं दिलेला बिंदू थेट त्याच्याच गिरणीच्या पत्र्याच्या छपरावर पडला. त्यानं कचेरीत बसून फोनवरून जागा पाठवली होती. दुसऱ्यानं अक्षांश आणि रेखांशाची अदलाबदल केली, झाड समुद्रात उगवलं. दोघंही म्हणाले, “तेवढं कोण बघतंय?” आता माझा नियम साधा आहे: आकडे नाहीत तर आगाऊ रक्कम नाही. कडक वाटतं, पण पैसे पोचल्यावर माहिती मागितली की ती कधीच येत नाही.

‘आमच्याकडे एफएससी (जंगल जबाबदारीनं सांभाळल्याचं प्रमाणपत्र) आहे’ हे उत्तर इथे पुरत नाही. प्रमाणपत्रानं पडताळणीला मदत होते, पडताळणी करण्याची जबाबदारी काही टळत नाही.

बाकीच्या, थोडक्यात

सहा मिलीमीटर. कस्टम्सच्या वर्गीकरणात त्याहून जाड चिरीव लाकूड ४४०७ या मथळ्यात, सहा किंवा त्याहून कमी असेल तर ४४०८ मध्ये. पॉलिशपेपर मारून झाल्यावर मोजा. घेताना सव्वासहा असलेली पट्टी शेवटी पावणेसहा निघते आणि मथळाच बदलतो.

माल भट्टीत वाळवलेला, पण कंटेनरमध्ये आधाराला ठोकलेले ठोकळे गिरणीच्या ढिगातून उचललेले. आयएसपीएम १५ हा लाकडी पॅकिंगमधून कीड पसरू नये म्हणून असलेला आंतरराष्ट्रीय नियम त्या ठोकळ्यांनाही लागू आहे: गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस, सलग ३० मिनिटं, आणि वर शिक्का. दार बंद करण्याआधी मी प्रत्येक शिक्क्याचा फोटो मागतो. लोक हसतात, हसू देत.

अमेरिकेत जाणाऱ्या हार्डवुड प्लायवुडला गोंदातून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइड वायूची मर्यादा ०.०५ पीपीएम (दहा लाखांतले भाग) आहे. एमडीएफची ०.११, पार्टिकल बोर्डची ०.०९. गोंद बदलला आणि प्रमाणित करणाऱ्या संस्थेला कळवलं नाही, तर जुनं प्रमाणपत्र दाखवून काही होत नाही.

सायटिसमधली डाल्बर्जियाची दहा किलोची सवलत तयार वस्तूंची आहे, फळ्यांची नाही. बस.

बातमीचा मथळा वाचून भाव लावू नका. ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘अमेरिकेचा लाकडावर टॅरिफ’ असा गलका झाला, आणि एकानं घाबरून ओकच्या फळ्यांची ऑर्डरच सोडली. त्या आदेशात १० टक्के होते ते सॉफ्टवुडवर, म्हणजे पाइनसारख्या झाडांच्या लाकडावर. २५ टक्के होते ते गादीचं काम असलेल्या लाकडी फर्निचरवर आणि किचन कॅबिनेटवर. म्हणजे हार्डवुडची फळी त्यातून सुटली आणि त्याच फळीचं कॅबिनेट सापडलं. आदेशाला जोडलेली कोडची यादी चार पानं खाली असते, तिथपर्यंत जायचे कष्ट घ्या.

आणि माल अडकलाच, तर पहिली गोष्ट: जुन्या तारखेचं ‘दुरुस्त’ इनव्हॉइस काढू नका. चूक कुठल्या कागदावर झाली ते लेखी कबूल करा, दुरुस्ती आजच्या तारखेची द्या आणि त्या लॉटचा नमुना तयार ठेवा. मी प्रत्येक लॉटचा बोटभर तुकडा बिलाचा नंबर लिहून खोक्यात टाकून ठेवतो. तो नसेल तर कंटेनर उघडून फळी कापावी लागते, आणि कोणती कापायची ते तुम्ही ठरवत नाही.