पालापाचोळ्याची गाडी कधी यावी? बागेच्या कचऱ्यातल्या या चुका टाळा

फेब्रुवारीअखेर नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या गल्लीत सकाळी सहाला एकच आवाज असतो, खराट्याचा. बदामाची तांबडी पानं, कडुनिंबाचा पिवळा सडा आणि कोपऱ्यावरच्या पिंपळाने रात्रीत टाकलेला ढीग. तासाभरात घंटागाडी येते. पाचोळ्याचं पोतं पुढे केलं की गाडीवरचा दादा म्हणतो, "ताई, यानंच गाडी भरली तर पुढच्या गल्लीचा कचरा ठेवू कुठं?" त्याचं काय चुकलं? गच्च दाबून भरलेलं पोतं मी एकदा काट्यावर ठेवून पाहिलं, जेमतेम सात किलो. वजन काही नाही, जागा मात्र चार घरांच्या कचऱ्याएवढी.

मग सोसायटीच्या सभेत दरवर्षीचा वाद. एक पक्ष म्हणतो पाचोळ्याची वेगळी गाडी रोज हवी, दुसरा म्हणतो महिन्यातून एकदा आली तरी खूप. दोघंही चुकतात, आणि ती चूक पुढच्या सगळ्या चुकांची आई आहे.

वर्षभर एकच हिशेब धरणं

सुकलेलं पान थांबू शकतं, हिरवं गवत थांबत नाही. पावसाळ्यात लॉन कापून ढीग घातला की दुसऱ्या दिवशी त्यात हात घालून बघा, आतून चक्क गरम लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आंबूस वास सुटतो. त्यात घरमाशीनं अंडी घातली तर उकाड्यात आठ-दहा दिवसांत नवी माशी तयार. डेंग्यूच्या डासाचंही वेळापत्रक साधारण तेवढंच. त्याला शहाळ्याच्या कवटीत साचलेलं वाटीभर पाणी पुरतं. म्हणून जून ते सप्टेंबर आठवड्यातून एक फेरी हवीच, त्याहून लांबवू नये.

नोव्हेंबर ते जानेवारी झाडं शांत असतात, थंडीत गवतही वाढत नाही. तेव्हा पंधरा दिवसांनी गाडी आली तरी कुणाचं काही बिघडत नाही. फेब्रुवारी ते एप्रिल पानगळ, पुन्हा आठवड्याला. इथे भीती वासाची नाही, आगीची. आणि मे महिन्यात पावसाआधीची छाटणी असते, तेव्हा फांद्यांसाठी वेगळ्या एक-दोन फेऱ्या आधी तारीख सांगून ठेवाव्यात. रोजची गाडी थंडीत रिकामी फिरेल आणि डिझेल जाळेल, महिन्याची गाडी मार्चमध्ये रस्त्यावर ढीग साचवेल.

माझ्या मते फेऱ्या किती यापेक्षा वार ठरलेला असणं जास्त महत्त्वाचं. शनिवार म्हणजे शनिवार. वार माहीत नसला की लोक पोतं आदल्या सोमवारीच फाटकाबाहेर आणून ठेवतात, गायी ते उसकटतात, आणि पहिल्या वळवाच्या सरीत तीच पानं पावसाळी गटाराच्या जाळीवर जाऊन बसतात. गुडघाभर पाणी साचलं की शिव्या मात्र पावसाला.

काडी लावणं

"दोन मिनिटांत संपतं" असं म्हणतात. संपत नाही. ढीग आतून दिवसभर धुमसतो आणि वरच्या मजल्यावरचे आजोबा खोकत बसतात. उघड्यावर कचरा जाळायला २०१६ च्या घनकचरा नियमांनी मनाई केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने साध्या जाळण्याला ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळण्याला २५,००० रुपये भरपाई ठरवली. २०१६ च्या त्याच नियमांत बागेचा कचरा आपल्या आवारात वेगळा साठवून पालिका सांगेल तसा द्यायचा, असंही सांगितलं होतं. म्हणजे स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यात तो मिसळायचा नाही.

काळ्या पिशवीत गवत बांधणं

पिशवीत हवा जात नाही, गवताचा चिखल होतो, आणि खत करणाऱ्याला आधी ती फाडावी लागते. गोणपाट वापरा. फांद्या दोन-अडीच फुटांच्या तोडून सुतळीनं मोळी बांधा. एका माणसाला उचलता आली पाहिजे.

टेम्पोवाल्यावर डोळे मिटून विश्वास

ही चूक आमची. एका मे महिन्यात आम्ही गुलमोहराच्या फांद्या नेण्यासाठी वर्गणी काढून टेम्पो बोलावला. स्वस्तात झालं म्हणून सगळे खूश. दोन दिवसांनी आमच्यातलेच एक काका नासर्डी नदीच्या काठानं फिरायला गेले, तर तिथे आमच्याच फांद्या! ओळखल्या कशा? आमच्या वॉचमनच्या निळ्या दोरीनं बांधल्या होत्या. तेव्हापासून पैसे देण्याआधी "टाकणार कुठे?" हा प्रश्न. तोडण्याआधी परवानगीही घ्या. १९७५ च्या वृक्ष जतन कायद्यात झाड तोडण्यात झाडाला इजा करणंही धरलं आहे, त्यामुळे "नुसतं बोडकं केलं" ही सबब चालत नाही.

घरचं खत फसलं म्हणून सोडून देणं

खरं तर पाचोळा घरीच जिरला तर गाडीची वाटच बघायला नको. बहुतेक लोक एका उन्हाळ्यात कंटाळतात, कारण ढीग "तसाच्या तसा" राहतो. नुसत्या सुक्या पानांत कार्बन जास्त, नायट्रोजन कमी. वर नाशिकचा मार्च-एप्रिल ओलावा टिकू देत नाही. हिरवं गवत, भाजीची देठं मिसळा, शेणकाला शिंपडा, गोणपाटानं झाका. मूठभर घेऊन पिळून बघा: एखाद-दुसरा थेंब आला तर बरोबर. धार लागली तर ओलं झालंय, सुकी पानं घाला. काहीच आलं नाही तर पाणी मारा. वास येतोय? हवा कमी पडतेय, खालवर करा. ढीग निदान कमरेएवढा हवा, टोपलीभर पानं तापत नाहीत.

दोन गोष्टी मात्र ढिगात नकोत. मिलीबग या किडीनं पांढरी झालेली जास्वंदीची फांदी, आणि फुलावर आलेलं गाजरगवत. फुलोऱ्याआधी उपटलेलं गाजरगवत खुशाल घाला, हातमोजे घालून. पावसाळ्यात ते महिना-दीड महिन्यात फुलतं, म्हणून जुलैचा एक रविवार त्यासाठी राखून ठेवा.

आणि हो, गाडीत पोतं रिकामं करून घेतलं की ते परत मागा. आमची पहिली सहा गेली, तेव्हापासून प्रत्येकावर रंगानं घरनंबर घातलाय.