लेक स्पर्धेत गाणार असेल तर

साथीदारांना पट्टी (गाण्याचा मूळ सूर) आदल्या दिवशीच कळवा. माझी लेक काळी ४ मध्ये, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीत गाते; गेल्या वर्षी स्टेजवर तबला निघाला काळी १ चा. जुळवून जुळवून किती जुळणार? पोरीचा चेहराच उतरला. तेव्हापासून आधी फोन करते आणि मोबाइलवर तानपुऱ्याचं अ‍ॅप ठेवते. भूप राग असेल तर पहिली तार पंचमाला (प), मालकंस असेल तर मध्यमाला (म), कारण मालकंसात पंचम नाहीच.

१० मिनिटं मिळणार असतील तर घरी साडेआठ मिनिटांतच संपवायची सवय लावा. घंटा वाजली की मुलं गडबडतात, तिहाई (तीनदा म्हणायचा शेवटचा तुकडा) समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर येत नाही. त्या दिवशी सकाळी नवीन तान (जलद सुरावट) अजिबात नको (हे मी स्वतःलाच बजावते). खाली उतरल्यावर ‘मध्ये काय झालं गं?’ विचारू नका. आधी वडापाव.