माती ओली आणि पानं माना टाकलेली? पाणी घालू नका, मुळं बघा

माझी पीस लिली एका जुलैत गेली. बेळगावच्या वडगावातलं आमचं घर जुनं, पुढच्या खोलीत पूर्वी माग होता, त्यामुळं उजेड बेताचा. आता तिथं माझी शिलाई मशीन असते आणि खिडकीच्या कट्ट्यावर कुंड्या. त्या वर्षी आठ-दहा दिवस पाऊस उघडलाच नव्हता. एका सकाळी लिलीची सगळी पानं खाली पडलेली. तहानली असेल म्हणून तांब्याभर पाणी घातलं. दुसऱ्या दिवशी आणखी पडली, मी आणखी घातलं. पाचव्या दिवशी देठ नुसता धरला तर बुडापासून सुटून हातात आला आणि कुंडीतून गटारीसारखा वास आला. कुंडी उचलली तेव्हा कळलं, बाहेरच्या भोक नसलेल्या चिनी मातीच्या भांड्यात दोन बोटं पाणी साचलेलं होतं. थोरल्या जाऊबाईंनी दिलेलं झाड होतं ते. अजून वाईट वाटतं.

शेजारच्या अक्का कन्नड बोलतात, पंचवीस वर्षं रोपं लावतात. त्या एवढंच म्हणाल्या, "नीर हाकब्याड, बेर नोड." पाणी घालू नको, मूळ बघ. मला आधी कुणी सांगितलं असतं तर लिली वाचली असती, म्हणून कुंडीतल्या झाडांच्या मूळकुजीबद्दल हे लिहितेय.

मामंजींनी मात्र एक प्रश्न विचारला होता. आमचं थोडं शेत येळ्ळूर रस्त्याला आहे, काळ्या मातीत. "भात सगळा पावसाळा पाण्यात उभं असतं की, मग ह्याला तांब्याभर पाण्यानं काय झालं?" प्रश्न खरोखर चांगला आहे. भाताच्या खोडात आणि मुळांत हवेच्या पोकळ्या असतात, वरची हवा त्यातून खाली मुळापर्यंत पोचते. आपल्या कुंडीतल्या बहुतेक झाडांना तेवढी सोय नसते. त्यांची मुळं मातीच्या कणांमधल्या हवेवर श्वास घेतात. ती जागा पाण्यानं भरून तशीच राहिली की मुळं गुदमरतात, मरतात, आणि मेलेल्या मुळांवर पिथियम, फायटोप्थोरासारखे रोगजंतू चढतात. ह्यांचे बीजाणू पाण्यात पोहतात, म्हणून ओल्या मातीत ते भराभर पसरतात. मुळंच गेली की पाणी वर चढत नाही. पाण्यात बसलेलं झाड तहानल्यासारखं दिसतं ते ह्यामुळं.

ओळखायचं कसं? पीस लिली तहानली तरी अशीच पडते, तेव्हा पानांवर विसंबू नका. कुंडी उचलून बघा. हलकी लागली तर तहान, जड लागली तर संशय घ्या. मी बांबूची बारीक काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटं ठेवते. खाली पाणी साचलं असेल तर वरची माती कोरडी असली तरी काडीचं टोक काळपट ओलं निघतं. खालची पानं एकामागून एक पिवळी होणं, बुडाशी खोड मऊ पडणं, मातीवर बारीक काळी चिलटं उडणं, ह्यातलं काही जोडीला असेल तर थांबू नका, झाड बाहेर काढा.

कुंडी आडवी करून, कडेनं थापटून गठ्ठा सोडवा. निरोगी मूळ पांढरं किंवा फिकट आणि घट्ट असतं. कुजलेलं तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून ओढलं की वरची साल सुटते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते. ही खूण सगळ्यात खात्रीची. फक्त रंगावरून निकाल देऊ नका, स्नेक प्लांटची चांगली मुळं नारिंगीच असतात. दाबून बघा, वास घ्या.

मग नळाखाली जुनी माती सगळी धुऊन काढा. कात्री स्पिरिटनं पुसून घ्या आणि प्रत्येक दोन-तीन कापांनंतर परत पुसा. कुजलेला भाग चांगल्या भागापर्यंत कापा. इथं हात आखडू नका. अर्धं कुजलेलं मूळ ठेवलं तर आठवड्यात पुन्हा तेच. मुळं अर्धी गेली असतील तर पानंही तिसरा हिस्सा कमी करा, नाहीतर उरलेल्या मुळांना एवढ्या पानांना पाणी पुरवता येत नाही. स्नेक प्लांट, झेडझेड प्लांट ह्यांना दोन-तीन दिवस सावलीत कापलेल्या जागा सुकू द्या. पातळ पानांची झाडं मात्र लगेच लावा.

औषधाबद्दल. दुकानात मूळकूज म्हटलं की बहुतेक वेळा कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक पुढे करतात. ते फ्युजॅरियमसारख्या बुरशीवर चालतं, पिथियमवर नाही. मी कॉपर ऑक्सिक्लोराइड, म्हणजे तांबं असलेलं बुरशीनाशक, लिटरला २.५ ते ३ ग्रॅम मिसळून नव्या मातीला एकदाच देते, हातमोजे घालून. ट्रायकोडर्मा, म्हणजे रोगाच्या बुरशीशी लढणारी उपयोगी बुरशी, चांगलं, पण तांब्याच्या औषधाबरोबर घातलं तर ते स्वतःच मरू शकतं. दोन-तीन आठवड्यांनी द्या. कापणी नीट झाली नसेल तर कुठलंच औषध उपयोगी नाही.

कुंडी मोठी नको, उरलेल्या मुळांना पुरेल एवढीच. जास्तीची माती पाणी धरून बसते. आमच्या हवेत मला खानापूरची भाजलेली मातीची कुंडी सगळ्यात आवडते, तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. जुनीच वापरायची तर घासून, एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात अर्धा तास बुडवून, स्वच्छ धुऊन उन्हात वाळवा. शेतातली काळी माती घरातल्या कुंडीत अजिबात नको, ती चिखल होऊन बसते. मी चाळलेली तांबडी माती, जाड वाळू आणि गिरणीतून आणलेलं, काळं होईपर्यंत जाळलेलं भाताचं तूस समभाग घेते. तुसाची पांढरी राख होऊ देऊ नका. आजारी झाडाला ह्यात खत नको.

आणि तळाला खडी घालू नका. आमच्या गल्लीत सगळे घालतात, मीही घालायचे. बारीक मातीतलं पाणी खाली खडीत लगेच उतरत नाही, माती पुरती भिजल्यावरच उतरतं. म्हणजे ओला थर तळाऐवजी वर, मुळांच्या जवळ सरकतो. भोकावर एक खापरी पुरे.

मनी प्लांट असेल तर कापताना दोन-तीन चांगली टोकं, गाठीसकट, पाण्यात टाकून ठेवा. आई झाड गेलं तरी वंश राहतो. बुडाचं खोड पूर्ण मऊ असेल तर मुळं वाचवण्यात वेळ घालवू नका, वरच्या घट्ट भागाच्या काड्या लावा. जुनी माती दुसऱ्या कुंडीत जाऊ देऊ नका.

लावल्यावर एकदा थोडं पाणी, मग वरचे दोन इंच सुकेपर्यंत हात लावायचा नाही. जागा उजेडाची, थेट उन्हाची नको. जून ते सप्टेंबर माझ्या खोलीत दहा-बारा दिवसांनी एकदा पाणी पुरतं, ते पण काडी कोरडी आली तरच. मार्च-एप्रिलमध्ये आठवड्यातून दोनदा लागतं. झाड सावरायला तीन ते सहा आठवडे जातात. मधेच उपटून बघायचा मोह होतो; मी एकदा बघितलं आणि नुकती फुटलेली पांढरी मुळं तुटली. हलकेच ओढून बघा, झाड धरून राहिलं तर मूळ धरलंय. नवं पान सुरळीतून उघडलं की मग अर्ध्या प्रमाणात खत सुरू करा.