स्टॉक इंजिनात मोठा कॅम घालताय? आधी क्ले लावून बघा

कॉम्प्रेशन, कार्ब्युरेटर, सायलेन्सर सगळं कंपनीचंच, आणि कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मात्र रेसचा. मग गगनबावड्याच्या चढाला गाडी कण्हणारच. स्टॉक इंजिनाला मूळ कॅमपेक्षा एकच पायरी वरचा घ्या. ड्युरेशन (क्रँकच्या किती अंशांत व्हॉल्व्ह उघडा राहतो) किती लिफ्टवर (कॅमनं किती उचलल्यावर) मोजलंय तेही विचारा. १.२७ मिमी लिफ्टवरचेच आकडे एकमेकांशी ताडा, डब्यावरचा मोठा आकडा नुसता दिखाव्याचा.

मोठ्या कॅमनं व्हॉल्व्ह पिस्टनला आपटणार नाही ना, हे बसवण्याआधी बघायची ही युक्ती मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात शिकलो:

१. पिस्टनवर व्हॉल्व्हच्या खाचांत पोरांची खेळायची क्ले थापा, व्हॉल्व्हला तेलाचं बोट लावा.
२. वापरलेलं गॅस्केट घालून हेड आवळा, टॅपेट गॅप (व्हॉल्व्हच्या टोकाशी ठेवतात ती फट) शून्य ठेवा. क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवा. अडला तर जोर करायचा नाही, तिथंच थांबा.
३. हेड उतरवून क्ले ब्लेडनं कापा, सगळ्यात पातळ जागा व्हर्नियरनं मोजा. इनटेकला २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमीपेक्षा कमी भरली तर कॅम परत करा.

हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) टॅपेट दबतात, त्यामुळं तिथं हे माप फसवं येतं.

आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग विसरू नका: पूर्ण लिफ्टला वेटोळी एकमेकांना टेकत असतील तर स्प्रिंगही बदला.