साखर दोनदा पडते: शॅम्पेन शिकायला बसणाऱ्यांसाठी

‘ब्रूट नेचर आणि डेमी-सेक यांच्या गोडीत इतका फरक असूनही दोन्ही बाटल्यांतला दाब जवळपास सारखाच का असतो?’ वाईनच्या परीक्षेत मला आलेला हा प्रश्न. ब्रूट नेचर म्हणजे जवळजवळ बिनसाखरेची शॅम्पेन, डेमी-सेक म्हणजे गोड. डेमी-सेकमध्ये साखर जास्त, म्हणून गॅसही जास्त, असं ठोकून मी पुढे गेले. तो पेपर नापास झाले. फी पुण्यातल्या हॉटेलच्या पगारातून वर्षभर साठवलेली होती. निकाल आला त्या संध्याकाळी बँक्वेटची ड्यूटी संपवली आणि रूमवर येऊन पोटभर रडले. दुसऱ्या खेपेला पास झाले, आज दिंडोरीकडच्या एका वाईन सेलरमध्ये स्पार्कलिंगच्या, म्हणजे बुडबुडेवाल्या वाईनच्याच कामावर आहे. पण तो प्रश्न अजून सलतो. तुमच्यापैकी कुणी पहिल्यांदा बसणार असेल तर निदान त्याच दगडाला ठेच लागू नये, म्हणून लिहितेय.

यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल नि कार्बन डायऑक्साइड तयार होतो, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरते.

सुरुवातीचे टप्पे भराभर सांगते, कारण तिथे फारसं कुणी अडत नाही. शॅम्पेन म्हणजे फ्रान्सच्या ईशान्येला रँस आणि एपर्ने या गावांभोवतीचा आणि दक्षिणेला ओबपर्यंत पसरलेला थंड प्रदेश, साधारण ३४,००० हेक्टर. मुख्य द्राक्षं तीन: शार्दोने, पिनो न्वार आणि मनिए. त्यातली दोन काळ्या सालीची आहेत, म्हणून काढणी हातानेच करायची आणि अख्खे घड हळुवार दाबायचे, नाहीतर रसाला रंग चढतो. ४,००० किलो द्राक्षांतून २,०५० लिटर ‘कुव्हे’ म्हणजे पहिला रस आणि त्यानंतरचा ५०० लिटर ‘ताय’ एवढाच रस घेता येतो. हे आकडे पाठच करा, विचारतात.

आमचं घर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाचं. आंबट राहिलेला माल म्हणजे पडलेला भाव, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे शॅम्पेनला आंबटपणा हेच भांडवल असतं, हे डोक्यात बसायला मला वेळ लागला. पहिल्या आंबवणीनंतरची ‘बेस वाईन’ ११ टक्क्यांच्या आसपास अल्कोहोलची, कोरडी म्हणजे गोडी नसलेली, आणि इतकी आंबट की दात आंबतात. मग वेगवेगळ्या गावांच्या, द्राक्षांच्या आणि मागच्या वर्षांच्या राखून ठेवलेल्या वाईन्स एकत्र करतात. याला असांब्लाज म्हणतात. माझ्या मते शॅम्पेनमधली खरी कला इथेच आहे, बुडबुड्यांत नाही. पण परीक्षेत त्यावर दोन ओळी पुरतात.

आता सापळा. इथे सावकाश वाचा.

शॅम्पेनमध्ये साखर दोनदा पडते आणि दोन्ही वेळचं काम पूर्ण वेगळं आहे. मी वर्गातल्या नोट्समध्ये दोन्ही ठिकाणी फक्त ‘लिकर (साखरेचं मिश्रण) घालणे’ असं लिहून घेतलं होतं, आणि माझ्या डोक्यात ती एकच साखर झाली.

पहिली वेळ म्हणजे तिराज. बेस वाईन बाटलीत भरताना तिच्यात यीस्ट आणि साखर घालतात, साखर लिटरला सुमारे २४ ग्रॅम. वर क्राऊन कॅप, आपल्या सोड्याच्या बाटलीसारखं बूच. बंद बाटलीत दुसऱ्यांदा आंबवणी होते. गॅसला जायला वाट नसल्यामुळे तो वाईनमध्येच विरघळतो. साधारण ४ ग्रॅम साखरेमागे १ अ‍ॅटमॉस्फिअर दाब धरा, म्हणजे २४ ग्रॅमला ६. चारचाकीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. अल्कोहोलही एक-सव्वा टक्क्याने वाढून १२च्या पुढे जातं. आणि ही साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं. पूर्ण! या टप्प्याला जगातली सगळ्यात गोड डेमी-सेकसुद्धा खडखडीत कोरडी असते.

मग ती बाटली मृत यीस्टच्या गाळावर पडून राहते. लेबलवर साल न लिहिलेल्या शॅम्पेनला तिराजपासून किमान १५ महिने सेलरमध्ये ठेवावं लागतं, त्यातले १२ महिने गाळावर. साल लिहिलेली असेल तर किमान ३ वर्षं. यीस्टच्या पेशी हळूहळू फुटत जातात, त्यातून ब्रेड-बिस्किटासारखा वास आणि तोंडातला गुळगुळीतपणा येतो. त्यानंतर बाटली हळूहळू फिरवत उलटी करतात, गाळ मानेत जमतो. हाताने करायला काही आठवडे जातात, जायरोपॅलेट या बाटल्या फिरवणाऱ्या यंत्राच्या पिंजऱ्यात आठवडाभरात होतं. मान गोठवायची, कॅप उडवायची, दाबाने गाळाचा बर्फ बाहेर फेकला जातो. हे डिसगॉर्जमेंट.

साखरेची दुसरी वेळ आत्ता येते. थोडी वाईन सांडलेली असते, ती जागा वाईन आणि साखरेच्या मिश्रणाने भरून काढतात. हे दोसाज. लिटरला ६०० ग्रॅम साखरेचं मिश्रण १० मिली घातलं तर ७५० मिलीच्या बाटलीत ६ ग्रॅम साखर गेली, म्हणजे लिटरला ८. झाली ब्रूट. ही साखर पुन्हा का आंबत नाही? यीस्ट गाळाबरोबर बाहेर गेलेलं असतं, अल्कोहोल वाढलेलं असतं, यीस्टला लागणारं पोषण संपलेलं असतं. म्हणून ती साखर साखरच राहते आणि जिभेला लागते.

पहिल्या साखरेने बुडबुडे, दुसरीने गोडी. माझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच होतं. दोन्ही बाटल्यांत तिराजची साखर तेवढीच, म्हणून दाब तेवढाच. वहीत दोन बाटल्या काढा, एकीवर २४ लिहा, दुसरीवर दोसाजचा आकडा, आणि शेजारी ‘खाल्ली’ आणि ‘राहिली’ असं लिहून ठेवा. बाळबोध वाटेल, तरी काढा.

याच सापळ्याचं धाकटं भावंड म्हणजे लेबलवरची गोडीची शिडी. ब्रूट नेचर: वरून साखर नाही, लिटरला एकूण ३ ग्रॅमपेक्षा कमी. एक्स्ट्रा ब्रूट: ० ते ६. ब्रूट: १२च्या आत. एक्स्ट्रा ड्राय: १२ ते १७. सेक: १७ ते ३२. डेमी-सेक: ३२ ते ५०. दू: ५०च्या पुढे. नीट बघा, ‘एक्स्ट्रा ड्राय’ ही ‘ब्रूट’पेक्षा गोड आहे! हॉटेलात एका पाहुण्यांनी सगळ्यात कमी गोड बाटली मागितली आणि मी आत्मविश्वासाने एक्स्ट्रा ड्राय उघडली. त्यांनी एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला, तो मला अजून दिसतो. हे नाव असं का पडलं, ते कळलं की विसरायला होत नाही. १९व्या शतकात शॅम्पेन प्रचंड गोड असे, रशियाकडे जाणारी तर सरबतासारखी. इंग्रज गिऱ्हाइकांना कमी गोड हवी होती, आणि त्या काळच्या मानाने जी ‘फार कोरडी’ ती एक्स्ट्रा ड्राय. पॉमरी या शॅम्पेन कंपनीची १८७४ सालची ब्रूट गाजली आणि कोरडेपणाची पट्टी आणखी खाली सरकली. नावं मात्र जुनीच राहिली.

सरावाला बाटल्या परवडत नाहीत, मला माहीत आहे. मग हे करा. एक लिटर पाण्यात चार लिंबं पिळा, चार ग्लासांत २५० मिली ओता. पहिल्यात काही नको, दुसऱ्यात २ ग्रॅम साखर, तिसऱ्यात ४, चौथ्यात १०. म्हणजे ब्रूट नेचर, ब्रूट, एक्स्ट्रा ड्राय, डेमी-सेक. वजन काट्यावर करा, अंदाजाने नको. दुसरा ग्लास तुम्हाला गोड लागणारच नाही, फक्त पहिल्यासारखं तोंड वाकडं होणार नाही. आंबटपणा आणि साखर एकमेकांना कसे सांभाळून घेतात, ते मला कुठल्याही पुस्तकापेक्षा या लिंबांनी जास्त शिकवलं.

आता स्पष्ट बोलते. फ्लॅशकार्डच्या ॲपवर विसंबू नका. सगळे आकडे मला येत होते, तरी मी नापास झाले, कारण एका आकड्याचा दुसऱ्याशी संबंध काय हे कार्ड सांगत नाही. आणि गुरू निवडताना डोळ्यांवर पट्टी बांधून ‘अमुक साल, अमुक गाव’ ओळखून दाखवणाऱ्यांच्या मागे धावू नका. माझ्या सेलरमधले दादा कुठलीही परीक्षा दिलेले नाहीत. पण बाटली उजेडाला धरून गाळ मानेत पूर्ण उतरलाय की नाही ते सांगतात, आणि ‘का’ विचारलं तर हातातलं काम थांबवून समजावतात. असं माणूस शोधा.

वर्गीकरणाला घाबरायचं कारण नाही. शॅम्पेनमध्ये ग्राँ क्रू हा सगळ्यात वरचा दर्जा गावाला आहे, फ्रान्सच्याच बर्गंडी प्रदेशासारखा मळ्याच्या तुकड्याला नाही. अशी १७ गावं आहेत: आई, बूझी, आंबोने, व्हेर्झने, क्रामाँ, अविझ वगैरे. मूळ भानगड द्राक्षाच्या भावाची. गावांना टक्के दिलेले होते, १०० टक्केवाली गावं ग्राँ क्रू, ९० ते ९९ वाली प्रीमिए क्रू, आणि त्या टक्क्यांप्रमाणे शेतकऱ्याला दर. ती दरपद्धत गेली, नावं उरली. द्राक्षाच्या भावावरून घरात बोलाचाली ऐकलेल्या माणसाला हे लगेच कळतं.

बाकी झटपट. ब्लाँ द ब्लाँ म्हणजे फक्त पांढऱ्या द्राक्षांची, ब्लाँ द न्वार म्हणजे फक्त काळ्या. साल छापलं असेल तर वाईन पूर्ण त्याच वर्षाची. रोझे म्हणजे गुलाबी शॅम्पेन करताना पांढऱ्या वाईनमध्ये लाल वाईन मिसळायला शॅम्पेनमध्ये परवानगी आहे. लेबलच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरंही वाचा: एनएम म्हणजे द्राक्षं विकत घेणारी कंपनी, आरएम म्हणजे स्वतःच्या मळ्यातली वाईन करणारा शेतकरी, सीएम म्हणजे सहकारी संस्था. आरएम दिसलं की माझा हात आपोआप तिकडे जातो. हा पक्षपात आहे आणि मी तो लपवत नाही.

आणि आपल्याकडच्या बाटलीला शॅम्पेन म्हणू नका, मुलाखतीत तर मुळीच नाही. नारायणगावला १९८०च्या दशकात याच पद्धतीने स्पार्कलिंग होऊ लागली, आज नाशिक-दिंडोरीत होते, पद्धतही तीच: तिराज, गाळ, दोसाज. पण नाव त्या प्रदेशाचं आहे. फ्रान्समध्येसुद्धा शॅम्पेनबाहेर अल्सास, ल्वार, बर्गंडी, लिमू इथल्या अशा वाईनला क्रेमाँ म्हणतात. तिला गाळावर किमान ९ महिने पुरतात, आणि किंमत पुष्कळ कमी असते.

म्हणून चौघांनी वर्गणी काढून एक क्रेमाँ, एक नाशिकची आणि एक साधी ब्रूट शॅम्पेन घ्या. बाटल्या कागदात गुंडाळा. ब्रेडचा वास कुठल्या ग्लासात जास्त येतो ते आधी वहीत लिहा, आणि मगच कागद काढा.